मागावरची बोली

मी जन्माचीच भित्री. आई सांगायची, मी पाळण्यात असताना आवाज झाला म्हणून कधी उठले नाही. आवाज थांबला की मात्र दचकून उठायची आणि सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची. त्यात नवल काही नव्हतं. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीच्या दोन्ही अंगांना कारखाने होते आणि त्यांतले माग दिवसभर धडधडायचे. भिंतीला पाठ टेकून बसलं की ती धडधड बरगड्यांत यायची. पाहुणे आले की पहिला अर्धा तास नुसते 'आँ? आँ?' करत बसायचे. सगळे माग एकदम थांबायचे ते दोनच कारणांनी, लाईट गेल्यावर किंवा कारखान्यात काही झाल्यावर. लाईट गेली असेल तर घरातला पंखाही थांबलेला असायचा. म्हणून माग थांबले की आई आधी वर पंख्याकडे बघायची. पंखा फिरत असेल तर हातातलं काम टाकून दाराशी जायची, आणि तिच्या पाठोपाठ मी. ती सवय मला अजून आहे. कुठंही एकदम शांत झालं की मी वर बघते, आणि नातवंडं मला हसतात.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गल्लीच्या टोकाला असलेल्या कारखान्यात टॉवेलचे माग चालवायचे. करमाळ्याकडच्या खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत ते सोलापुरात आले आणि जे मागावर उभे राहिले ते राहिलेच. मागाच्या आवाजात माणसाच्या आवाजाची डाळ शिजत नाही. ओरडून घसा बसतो आणि समोरच्याला काही कळत नाही ते वेगळंच. म्हणून तिथं सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, ओठ मोठे मोठे हलवायचे, आणि ओठ कमी पडले तर हात आहेतच. चार माग ओलांडून पलीकडच्या माणसाला घरी पाहुणे आलेत इथपासून ते जावई कसा निघाला इथपर्यंत सगळं सांगता येतं. आप्पांना घरीही तीच सवय होती. आईलाही लग्नानंतर ती लागली. बाजारात आई एका बाजूला आणि आप्पा रस्त्याच्या पलीकडे, मधून रिक्षा हॉर्न मारत चाललेल्या, आणि यांचं वांगी घ्यायची की गवार यावरचं भांडण बिनआवाजी चालू. मी बोलायला लागायच्या आधी ओठ वाचायला शिकले असणार. शाळेत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाई माझ्याबद्दल काय म्हणतायत ते मला कळायचं. भित्र्या माणसाला इतकं कळणं बरं नसतं.

आई घरीच मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायची. मशीन दाराकडं तोंड करून होतं आणि शेजारी लोखंडी कपाट, त्याच्या दाराला उभा आरसा. एकाच खोलीत स्वयंपाक, मशीन, माझा अभ्यास, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि कोपऱ्यात नळाला पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायची पिंपं. रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी. आप्पांना कडक भाकरी आमटीत मोडून भिजवून खायला आवडायची. मोडताना ती कटकन वाजायची आणि ते दर वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. त्यांचा पाण्याचा तांब्या आमच्याकडे कायम त्यांच्या उजव्या अंगाला असायचा. मी ज्या दिवसांबद्दल सांगते आहे, त्याच्या थोडं आधी एकदा त्यांचा हात लागून तो कलंडला आणि सगळं ताट पाण्यात गेलं. आप्पा हसले. मीही हसले. आई हसली नाही, तिनं फडकं आणून मुकाट पुसून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तांब्या डावीकडे आला. मी विचारलं तर म्हणाली, तिकडं जागा नाही. जागा तर होती. रस्त्यानं चालतानाही ती हल्ली आप्पांच्या उजव्या बाजूला चालायला लागली होती. मला वाटलं, वय झालं की माणसं असं काहीबाही करायला लागतात. तेव्हा तिचं वय माझ्या आजच्या लेकीइतकंही नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या विभागात एक स्पर्धा निघाली. चिठ्ठी उचलायची, जो विषय येईल त्यावर तीन दिवसांत छोटी डॉक्युमेंटरी करून द्यायची. सोमवारी सकाळी सरांच्या टेबलावर पेन ड्राइव्ह पाहिजे. ऑफिस उघडून प्यून झाडून गेला की सर घेणार नाहीत, आणि इंटर्नलचे मार्क त्यावरच. आम्ही तिघं होतो. इरफान, ज्याच्याकडे लॅपटॉप होता आणि त्यामुळं सगळी अक्कलही त्याच्याकडेच आहे असं त्याला वाटायचं. लावण्या, माझी शाळेपासूनची मैत्रीण, घरात तेलुगू बोलणारी; तिचे काका म्हणजे आप्पा ज्या कारखान्यात कामाला होते त्याचे मालक. आणि मी. चिठ्ठीत आलं, 'माझ्या शहराचा आवाज'. इरफान म्हणाला, हे तर देवानं ताटात वाढून दिलंय. त्या एका वाक्यानं आम्ही थेट कारखान्याच्या दारात जाऊन पडलो.

काकांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. मागाच्या गल्लीत आत शिरायचं नाही. दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेला गल्ली म्हणतात. त्यात उभं राहून माणूस दोन्ही बाजूंचे माग बघतो. अट योग्यच होती. मागातला धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तो टोकदार लाकडी तुकडा, कधीमधी उडतो. उडाला की बंदुकीतून सुटल्यासारखा जातो. आप्पांच्या शेजारी काम करणाऱ्या मल्लेशमकाकांचे पुढचे दोन दात अशाच एका धोट्यानं नेले होते. आप्पा नेहमी म्हणायचे, धोट्याची भीती नाही वाटली पाहिजे, पण धोटा दिसला पाहिजे. मी लहानपणापासून त्या धोट्याला इतकी भ्यायची की पावरलूमची चित्रंही बघवायची नाहीत. आणि आता मी एका स्टुलावर चढून, घामानं निसटणारा मोबाईल दोन्ही हातांनी धरून, लांबून आप्पांवर झूम करून उभी होते. उन्हाची तिरीप खिडकीतून येत होती, हवेत सुताचे कण तरंगत होते, आणि आप्पा मल्लेशमकाकांशी काहीतरी बोलत होते. मोबाईलच्या त्या वितभर पडद्यावर मला फक्त त्यांचा चेहरा उजेडात आलाय एवढंच दिसत होतं. मी श्वास रोखून धरला होता, कारण इरफाननं बजावलं होतं की माझा श्वास कॅमेऱ्यात दिसतो.

रविवारी दुपारी आम्ही इरफानच्या घरी जोडणीला बसलो. त्याच्या अम्मीनं दालचा-भात वाढला आणि आम्ही तो लॅपटॉपसमोरच खाल्ला. लॅपटॉप जुना, ताप आल्यासारखा गरम होणारा. प्रत्येक शॉट टाकला की तो बराच वेळ विचार करायचा. लाईट जाण्याची आम्हाला इतकी भीती की लावण्या मधून मधून देवाचं नाव घेत होती. मग इरफाननं तो शॉट लावला. मागाचा आवाज त्यानं पूर्ण काढून टाकला होता. आवाजावरच्या फिल्ममध्ये मधेच एकदम शांतता, म्हणजे लोकांना आवाज काय चीज आहे ते कळेल, असं त्याचं म्हणणं होतं. आणि खरंच, पडदाभर आप्पांचा चेहरा, उजेड, तरंगणारं सूत, आणि काहीही आवाज नाही. लावण्या म्हणाली, "किती सुंदर दिसतायत गं तुझे आप्पा."

मी बघत होते. आप्पांचे ओठ हलत होते.

"उजव्या डोळ्यानं कायबी दिसंना झालंय. उजवीकडच्या मागावर तूच ध्यान ठेव. मालकाला कळलं तर मागावर उभा करायचा न्हाय."

आणि पलीकडून मल्लेशमकाकांनी छातीवर तळहात ठेवला. कारखान्यात त्याचा अर्थ, मी आहे.

माझ्या हातातला घास ताटात पडला. पहिल्यांदा वाटलं, चुकलं माझं वाचायला. इरफानला म्हटलं, परत लाव. त्यानं कौतुकानं परत लावलं. मग आणखी एकदा. दर वेळी आप्पा तेच म्हणत होते, जरासे हसत, घरात कुणाची खोड सांगावी तसे. उजव्या हाताचा माग धोटा फेकत होता, आणि ज्या माणसाला धोटा दिसला पाहिजे त्याला त्या बाजूनं काही दिसत नव्हतं. तांब्या माझ्या डोक्यात आला. ते हल्ली पूर्ण मान वळवून बघायचे ते आठवलं. मी त्यांची मान आखडली समजून तेल चोळून दिलं होतं. मी इरफानला म्हटलं, हा शॉट काढ. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, कॅमेरा हललाय. तो म्हणाला, "नक्को बोल वैसा. ये शॉट काटा तो फिल्म में बचता क्या?" मी म्हटलं, मला आवडला नाही. त्यावर तो दुखावला. खरं कारण सांगावं तर शेजारी लावण्या बसलेली. तिला ओठ वाचता येत नव्हते, तिच्या वडिलांनी केव्हाच दुकान टाकलेलं. पण तिच्या काकांनी स्वतः उभी तरुणाई मागावर काढली होती, आणि लावण्याच्या पोटात काही राहत नाही हे मला शाळेपासून माहीत होतं. शिवाय अजून एक होतं. ते मी तोंडानं बोलले तर खरं होईल असं मला वाटत होतं. म्हणून मी गप्प बसले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत फिल्म तयार झाली, तो शॉट बरोबर मधोमध.

सोमवारी प्यून झाडू हातात घेऊन वळायच्या आत आम्ही पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. बाहेर आल्यावर लावण्या आनंदानं म्हणाली, सरांनी सांगितलंय की शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांच्या फिल्म दाखवणार, आणि तिनं तिच्या काकांना बोलावलंय, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितलीय, आणि सगळ्या कामगारांनाही घरच्यांना घेऊन यायला सांगितलंय. बिचारीनं किती प्रेमानं केलं होतं ते. मला तिथंच पायरीवर बसावं लागलं.

त्या आठवड्यातली भीती मला अजून अंगात ओळखता येते. आप्पा रोज सकाळी डबा घेऊन जायचे आणि मी कॉलेजला जाते म्हणून निघून कारखान्याच्या भिंतीला लागून उभी राहायची. आतून इतक्या मागांचा आवाज यायचा, त्यात आप्पांचा कुठला ते ओळखायचा प्रयत्न करायची. एखादा थांबला की माझं काळीज थांबायचं. सूत तुटलं की माग थांबतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मला चांगलं माहीत होतं, तरी. एकदा एकदम सगळेच थांबले. वर बघायला तिथं पंखा नव्हता. मी समोरच्या चहावाल्याकडे पळत गेले आणि त्याला विचारलं, लाईट आहे का. तो म्हणाला, गेली की आत्ता. मी त्याच्या बाकड्यावर बसून रडले आणि त्यानं काही न विचारता अर्धा चहा पुढं ठेवला. आज वाटतं, सरळ आत जाऊन आप्पांचा हात धरून बाहेर आणायला काय झालं होतं? पण मग त्यांचा माग जाणार होता. आप्पा माग सोडून दुसरं काही असू शकतात हे तेव्हा मला सुचतही नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं.

शुक्रवारी मात्र धीर सुटला. आप्पा कामावरून आले, हातपाय धुऊन पंख्याखाली बसले. आई मशीनवर पाठमोरी बसलेली, मशीन चालू. मी जाऊन आप्पांच्या डाव्या बाजूला बसले, आणि मशीनच्या आवाजात आईला कळू नये म्हणून ओठांनी सांगितलं. सगळं सांगितलं. शूटिंग, तो शॉट, त्यात काय दिसतं, उद्या पुढच्या रांगेत कोण बसणार. आप्पा आधी हसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की मी तो त्याआधी कधी पाहिला नव्हता. मोठ्या माणसाला भ्यालेलं बघणं ही जगातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे. त्यांचे ओठ हलले, आईला सांगू नको.

मशीन थांबलं.

आई वळलीही नाही. कपाटाच्या आरशात ती आमच्या दोघांकडे बघत होती, आणि किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. ती आवाज काढून बोलली, म्हणून मला ते इतकं मोठं वाटलं.

"तांब्या डावीकडं कवापासनं ठिवतीय मी, ते कळलं न्हाय व्हय तुमाला?"

आप्पा म्हणाले, "सांगून डोळा येतो व्हय माघारी?" आई म्हणाली, न सांगून आला का? मग ती उठली, आमटी गरम केली, ताटं वाढली, आणि तांब्या डावीकडे ठेवला. आता सगळ्यांच्या देखत ठेवला. जेवताना ठरलं की सोमवारी दवाखान्यात जायचं. मालकांचं काय ते ठरलं नाही. आप्पा म्हणाले, मी उद्या येतच नाही. आई म्हणाली, न जाऊन शॉट निघतो का त्यातून? लोक बघतील, तुम्ही नसाल, आणि मग काय काय बोलतील. त्या रात्री भाकरी मोडताना आप्पांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या नाहीत.

हॉल भरला होता. पुढं प्राध्यापक, परीक्षक, पाहुणे. मागच्या रांगांत कारखान्यातली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून, बायका, लेकरं, वेण्यांत गजरे. पुढच्या रांगेत लावण्याचे काका. मी कडेला भिंतीशी उभी होते, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. तिथून मला त्यांची फक्त मान आणि पांढरी कॉलर दिसत होती, आणि मी सगळी फिल्म त्या मानेकडे बघत पाहिली. सुरुवातीला माग दणाणले तशी मागच्या रांगांतली माणसं खूश झाली, आपापले माग ओळखायला लागली. कुणी शिटी मारली. मग आवाज तुटला आणि पडद्यावर आप्पांचा चेहरा आला.

पुढच्या रांगांत शांतताच होती, तिथं काही बदललं नाही. मागची कुजबुज मात्र एकदम बंद पडली. लेकरं सोडून मागच्या प्रत्येक माणसानं ते वाचलं. एका बाईनं पदर तोंडाला लावलेला मला अंधारातही दिसला. आप्पा शेवटच्या रांगेच्या मागं आईला घेऊन उभे होते आणि कुणीही मान वळवून त्यांच्याकडे बघितलं नाही. कामगार माणसांची ती रीत मी पुढं कितीदा आठवली. एवढं कळूनही सगळे पडद्याकडेच बघत राहिले. मालकांची मान मात्र हलत नव्हती. दगडासारखी.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. एक परीक्षक माईकवर आले आणि आमच्या फिल्मबद्दल बराच वेळ बोलले. म्हणाले, "तो कामगार हसत हसत सोबत्याशी बोलतो ना, त्यात श्रमाचा सगळा आनंद दिसतो." मल्लेशमकाका खाली मान घालून आपल्या चपलेकडे बघत होते. तेव्हा मालक खुर्चीतून उठले, पाठीमागं वळले, आणि अख्ख्या हॉलवरून त्यांनी आप्पांकडे बघितलं. त्यांनी आवाज काढला नाही. कितीतरी वर्षांत ते मागावर उभे राहिले नव्हते, पण ओठ विसरले नव्हते.

"उद्यापासून मागावर यायचं न्हाय."

एवढंच म्हणून ते परत पुढं तोंड करून बसले. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. ते घ्यायला मी स्टेजवर गेले. फोटोत मी हसले आहे, पण कशी हसले ते माझं मला माहीत. रात्री घरी आईनं मशीनवर कापड घातलं आणि बत्ती घालवली. मला वाटत होतं, हे सगळं माझ्या मोबाईलनं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा तरीही डबा घेऊन गेले. सवयच ती. मी मागोमाग गेले, लांबून. मालक दारातच उभे होते. त्यांनी आप्पांना मागाकडे जाऊ दिलं नाही, दंडाला धरून पलीकडे नेलं, जिथं विणलेल्या टॉवेलांच्या घड्या घालतात, आणि तिथल्या बाकावर बसवलं. तिथं आवाज कमी असतो, म्हणून ते तोंडानं बोलले, आणि मला दारापर्यंत ऐकू आलं.

"धोटा उडून दुसरा बी डोळा गेला असता, तर तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू? येड्या, मला आधी सांगायचं न्हाय व्हय?"

आप्पा म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही मागावरून काढलं असतं. मालक म्हणाले, काढलंच असतं की. मग आप्पांनी समोरचा एक टॉवेल उचलून घडी घालायला घेतली. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी घड्याच घातल्या. घरात ओढाताण झाली, आईचं मशीन उशिरापर्यंत चालायला लागलं, आणि मल्लेशमकाकांच्या शेजारी दुसरा कोणी उभा राहिला. मालक चांगले होते का वाईट, असं मला पुढं कुणी विचारलं तर मी सांगू शकले नाही. ते भ्याले होते, आमच्यासारखेच.

दवाखान्यात काचबिंदू निघाला. डोळ्यात दाब वाढतो आणि माणसाला कळायच्या आत नजर खाऊन जातो. उजवा डोळा गेला होता, तो परत आला नाही. डावा वाचला, रोज थेंब घालून तो जन्मभर सांभाळावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस लपवलं असतं तर तोही गेला असता. हे दुखणं घराण्यात उतरतं, असंही त्यांनी सांगितलं. त्यामुळं मी अजून दर वर्षी दाब मोजून घ्यायला जाते. त्या यंत्रावर हनुवटी टेकवली की रविवारची ती दुपार परत येते. डॉक्टर म्हणतात, आजी, घाबरू नका. मी म्हणते, घाबरल्याशिवाय मला जमत नाही.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर इरफानचा फोन आला. त्याचेही केस पांढरे झालेत, पण बोलणं तेच. जुन्या हार्ड डिस्क साफ करताना त्याला त्या फिल्मचे कच्चे शॉट सापडले होते, न कापलेले. म्हणाला, "तेरे अब्बा का पूरा शॉट है, भेजूं?" मी म्हटलं, पाठव. तेव्हा त्यानं तो शॉट एका ठिकाणी कापला होता. का ते मला माहीत होतं. सरांनी शिकवलेलं, माणूस कॅमेऱ्याकडे बघायला लागला की शॉट फुकट गेला. त्यानंतर आप्पा कॅमेऱ्याकडे बघायला लागतात, म्हणून तिथं कात्री चालवली होती.

मी खोलीचं दार लावून घेतलं आणि लावलं. ह्यात मागांचा आवाज होता, सगळा. मी तो मोठा केला, इतका की भिंत बरगड्यांत आल्यासारखी वाटली. आप्पा मल्लेशमकाकांना म्हणतात, मालकाला कळलं तर मागावर उभा करायचा न्हाय. काका छातीवर हात ठेवतात. फिल्ममध्ये शॉट इथंच संपायचा. मग आप्पा मान पूर्ण वळवतात, डावा डोळा माझ्याकडे यावा म्हणून, आणि स्टुलावर चढलेल्या, श्वास रोखून धरलेल्या माझ्याकडे बघतात. भुवया उडवतात. आणि तसंच माझ्याकडे बघत, ओठ मोठे करून काकांना सांगतात:

"माझी पोरगी हाय ती. दिसतंय तवर बघून घेतो."